कौशल्य कुणाकडे कमी पडतं?

अपंग व्यक्तींच्या रोजगाराची चर्चा निघाली की दोन ठरलेल्या बाजू समोरासमोर उभ्या राहतात. एक बाजू म्हणते, प्रशिक्षण केंद्रं काढा, अभ्यासक्रम आखा. हाताला कसब आलं की काम मिळेल. दुसरी म्हणते, अडथळा समाजात आहे. जिने, दारं, पूर्वग्रह आणि नियम बदला. कौशल्याची भाषा म्हणजे ज्याला त्रास होतो त्याच्याच डोक्यावर जबाबदारीचं ओझं ठेवणं. हा वाद इतक्या वेळा झाला आहे की कुठल्या वाक्याला कुठलं उत्तर येणार हेही आता पाठ झालंय. पण दोन्ही बाजू एक गोष्ट न तपासताच धरून चालतात: कौशल्याचा प्रश्न म्हणजे अपंग व्यक्तीच्या कौशल्याचा प्रश्न. पहिली बाजू ते कौशल्य वाढवायला निघते, दुसरी त्याबद्दल बोलायचंच टाळते. माझं म्हणणं असं आहे की कौशल्याचा प्रश्न खरा आहे आणि या विषयाच्या मुळाशीच आहे, मात्र सर्वात मोठी उणीव दुसऱ्याच लोकांकडे आहे. ती काम आखणाऱ्याकडे आहे, नेमणूक करणाऱ्याकडे आहे, उपचार करणाऱ्या डॉक्टरकडे आहे, क्षमता तपासून दाखला देणाऱ्याकडे आहे आणि शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या सहकाऱ्याकडेही आहे. या सगळ्यांना शिकवण्याचा खर्च आपण करत नाही, तोवर अपंगांना शिकवण्यावरचा बराचसा खर्च पाण्यात जाणार.

पहिल्या बाजूचं जे खरं आहे ते आधी मोकळेपणानं मान्य करायला हवं. ज्या मुलाला शाळेतच घेतलं नाही, त्याला मोठेपणी केवळ रॅम्प बांधून नोकरी मिळत नाही. साधन हातात देणं आणि ते वापरता येणं यात फार अंतर असतं. पांढरी काठी कुणालाही विकत घेता येते, पण ती घेऊन अनोळखी रस्त्यावर चालता येणं हे कमावलेलं कसब आहे. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या अमेरिकी सैनिकांसाठी रिचर्ड हूव्हर यांनी लांब काठीचं तंत्र बसवलं. पाऊल जिथे पडणार ती जागा काठीच्या टोकानं आधीच चाचपायची, आणि हे प्रत्येक पावलाच्या लयीत करायचं. ते अंगात मुरायला आठवडे लागतात, शिकवणारा माणूस लागतो. जी माणसं हक्कांच्या नावाखाली अशा शिकण्याला दुय्यम ठरवतात, ती अपंग व्यक्तींचं नुकसानच करतात. संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर, ब्रेल, खुणांची भाषा, व्हीलचेअर तोलून उंबरठा ओलांडणं, ही सगळी शिकण्याची कामं आहेत आणि ती शिकवण्यात कसूर झाली तर पुढचे सगळे कायदे कोरडे राहतात.

दुसऱ्या बाजूची भीतीही पोकळ नाही. माणसाची किंमत त्याच्या उत्पादकतेवरून ठरवायची सवय एकदा लागली की ती कुठवर जाते, हे विसाव्या शतकानं पाहिलेलं आहे. नाझी जर्मनीत १९३९ नंतर ‘टी४’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या मोहिमेत सत्तर हजारांहून अधिक अपंग आणि मनोरुग्ण माणसं ठार मारली गेली. त्यांच्या देखभालीवर होणाऱ्या खर्चाची गणितं त्याआधीच शाळेच्या पुस्तकांत मुलांना सोडवायला दिली जात होती. हा इतिहास माहीत असलेला माणूस ‘कार्यक्षम’, ‘उपयुक्त’ असे शब्द ऐकून सावध होत असेल, तर तो चूक नाही. काही माणसं कुठल्याही व्यवस्थेत पगारी काम करू शकणार नाहीत. त्यांच्या उदरनिर्वाहाची आणि सन्मानाची हमी कौशल्याच्या अटीवर टांगलेली नसावी, हे मला पूर्ण मान्य आहे. पण यावरून कौशल्याचा विषयच सोडून द्यावा असं कसं ठरतं? ज्यांना काम करायचं आहे, त्यांच्याकडून तो विषय काढून घेण्याचा अधिकार कुणाला?

म्हणून प्रश्न उलट्या टोकाकडून विचारून पाहू. अमेरिकी मोटार कारखानदार हेन्री फोर्ड हा माणूस आदर्श म्हणून पुढे करण्यासारखा नव्हता. त्याचा ज्यूद्वेष आणि कामगार संघटनांशी त्याचं वागणं सर्वज्ञात आहे. तरीही १९२२ च्या आपल्या आत्मकथनात त्यानं नोंदवलेलं एक काम या वादात पुन्हा पुन्हा आठवावं असं आहे. त्याच्या कारखान्यात ७,८८२ प्रकारची कामं होती. त्यातल्या प्रत्येक कामाला शरीराकडून नेमकं काय लागतं, याची छाननी केली गेली. बसून होतं की उभं राहून, दोन्ही हात लागतात की एक, पाहावं लागतं की हातानं कळतं, असं एकेक. निष्कर्ष असा निघाला की धडधाकट आणि ताकदवान माणूसच लागेल अशी कामं फक्त ९४९ होती. एक पाय नसलेला माणूस २,६३७ प्रकारची कामं करू शकत होता, दोन्ही पाय नसलेला ६७०, एक हात नसलेला ७१५, दोन्ही हात नसलेला २ आणि अंध माणूस १०.

इथे कौशल्य कुणाचं होतं? कामगारांना अजून काहीच शिकवलेलं नव्हतं. कौशल्य होतं ते कामाची फोड करणाऱ्यांचं, म्हणजे कामाकडे पाहून त्याचे घटक वेगळे करता येण्याचं. कामाची अशी फोड झालेली नसते, तेव्हा जाहिरातीत ‘शारीरिकदृष्ट्या सक्षम’ अशी सरसकट अट येते आणि निम्म्याहून जास्त कामांसाठी ती खोटी असते. या यादीतला अंधांचा आकडा तर जास्तच बोलका आहे. ७,८८२ पैकी दहा! वरवर वाचणाऱ्याला वाटेल, अंधत्व म्हणजे किती मोठी मर्यादा. पण तो आकडा अंधत्वाची मोजणी करत नव्हता. त्या काळच्या यंत्रांची, मापकांची आणि डोळ्यांनी वाचायच्या कागदांची मोजणी होती ती. मोजमाप बोटांना कळेल असं केलं, कागदातला मजकूर ऐकू येईल असा केला, की माणूस तोच राहूनही आकडा बदलतो. कौशल्य ही माणसाच्या आत साठवलेली वस्तू असल्यासारखं आपण बोलतो. प्रत्यक्षात ते माणूस, साधन आणि कामाची रचना यांच्या मध्ये कुठेतरी तयार होतं. तिन्हींपैकी एकालाच शिकवायला घेतलं तर प्रगती एक तृतीयांश होत नाही, बहुतेक वेळा ती होतच नाही.

ही दृष्टी नसली की चांगल्या हेतूचा कायदाही कसा वाकडा जातो, याचं उदाहरण ब्रिटननं घालून दिलं. युद्धातून अपंग होऊन परतलेल्यांसाठी १९४४ मध्ये तिथे कायदा झाला. वीस किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या मालकांवर तीन टक्के जागांचं बंधन आलं. त्याच कायद्याखाली दोन कामं अपंगांसाठी राखून ठेवली गेली: लिफ्ट चालवणं आणि वाहनतळावर देखरेख करणं. राखायला दुसरं काही सुचलंच नाही! फोर्डच्या छाननीनंतर दोन दशकं उलटली होती, लाखो माणसं युद्धाच्या काळात नवनवी कामं शिकली होती, आणि तरी कायद्याला दिसलं ते फक्त दारात बसवून ठेवता येण्याजोगं काम. पुढे लिफ्टला चालक लागेनासा झाला. तीन टक्क्यांची अंमलबजावणी ढिली राहिली आणि १९९५ च्या नव्या कायद्यानं ती तरतूद निकालात काढली. म्हणून राखीव जागा निरुपयोगी असं म्हणायचं का? नाही. जर्मनीत वीस किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांना पाच टक्के जागा गंभीर अपंगत्व असलेल्यांना द्याव्या लागतात. न देणाऱ्यांकडून भरपाईची रक्कम वसूल होते आणि तो निधी कामाच्या जागा अनुकूल करायला वापरला जातो. कोट्याच्या मागे काम बदलून देण्याची यंत्रणा आहे. ती नसेल तर कोटा म्हणजे केवळ हजेरीपटावरची नावं.

‘समोरच्याला शिकवा’ हे ऐकायला आदर्शवादी वाटतं, असं कुणी म्हणेल. इतिहासात ते एका ठिकाणी अगदी सहज घडलेलं आहे. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्यालगतच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर आनुवंशिक बहिरेपणाचं प्रमाण मोठं होतं. एकोणिसाव्या शतकात तिथल्या चिलमार्क गावात साधारण पंचविसात एक माणूस बहिरा होता. तिथे ऐकू येणारी माणसंही लहानपणापासून खुणांची भाषा बोलत. मासेमारीच्या होड्यांवरून, सभांमधून, घराघरांतून ती चाले. बहिरी माणसं इतरांसारखीच कमवत, लग्नं करत, गावकीत भाग घेत. आता त्याच शतकातली दुसरी घटना पाहा. १८८० मध्ये मिलान इथे बहिऱ्यांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ठराव करणाऱ्यांत बहिरी माणसं जवळपास नव्हतीच. ठराव झाला की शिक्षणात तोंडी बोलणं खुणांच्या भाषेपेक्षा श्रेष्ठ मानावं. पुढची कित्येक दशकं असंख्य शाळांतून खुणांना बंदी आली, बहिऱ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि मुलांची उमेदीची वर्षं ओठ वाचण्यात आणि स्वतःला ऐकू न येणारे आवाज काढण्यात गेली. गणित, इतिहास, भूगोल सगळं मागे पडलं. त्या परिषदेच्या परंपरेतल्याच व्हँकुव्हरच्या परिषदेनं हे ठराव फेटाळले ते २०१० मध्ये.

मिलानमध्येही कौशल्यच शिकवलं जात होतं, हे विसरू नये. मेहनतही होती, पैसाही होता, हेतूही उदात्त मानला जात होता. चूक एवढीच, आणि ती भयंकर होती, की ऐकणाऱ्यांची गैरसोय टाळण्यासाठी न ऐकणाऱ्यांनी काय शिकावं हे ठरवलं गेलं. आजच्या किती प्रशिक्षण योजना या कसोटीवर टिकतील? अभ्यासक्रम कुणाच्या सोयीनं निवडला जातो? अंधांना अमुक काम, पायानं अधू असलेल्यांना तमुक काम अशी वाटणी एकदा ठरली की शिकणाऱ्याची आवड, बुद्धी, जवळपास उपलब्ध असलेलं काम यांचा कुणी विचार करत नाही. दाखले वाटले जातात, समारंभ होतो, आणि माणूस पुन्हा घरी बसतो. मग पुढच्या योजनेत म्हटलं जातं की त्याला आणखी कौशल्याची गरज आहे.

या चक्राबद्दल ठोस पुरावाही उपलब्ध आहे. ‘आधी तयार करा, मग कामाला लावा’ या रूढ पद्धतीच्या उलट, ‘आधी खऱ्या पगाराच्या कामावर लावा आणि तिथेच सोबत राहून शिकवा’ अशी पद्धत अमेरिकेत १९९० च्या दशकात डेबोरा बेकर आणि रॉबर्ट ड्रेक यांनी विकसित केली. गंभीर मानसिक आजार असलेल्या लोकांसाठी ती होती, म्हणजे ज्यांच्याबद्दल मालक सर्वात जास्त साशंक असतात त्यांच्यासाठी. युरोपातल्या सहा शहरांत ३१२ रुग्णांवर दोन्ही पद्धतींची तुलना झाली आणि २००७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अठरा महिन्यांत किमान एक दिवस तरी खुल्या बाजारातलं काम मिळालेल्यांचं प्रमाण नव्या पद्धतीत ५५ टक्के होतं, जुन्या पद्धतीत २८ टक्के. एक दिवस ही कसोटी फार सैल आहे हे खरं. मानसिक आजाराबाबतचा निष्कर्ष इतर अपंगत्वांना जसाच्या तसा लावता येणार नाही, हेही खरं. पण फरक दुपटीच्या घरात आहे आणि त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. जुन्या पद्धतीत शिक्षण एका काल्पनिक कामासाठी होतं. नव्या पद्धतीत मार्गदर्शक मालकाशी बोलतो, पाळीची वेळ बदलून घेतो, औषधांनी सकाळी येणाऱ्या सुस्तीबद्दल डॉक्टरांशी चर्चा करतो, कामाच्या जागी काय अडतं आहे ते पाहून त्यावर तोडगा काढतो. मार्गदर्शकच नव्हे, मालक आणि डॉक्टरही या प्रक्रियेत शिकत जातात.

डॉक्टरांचा उल्लेख आला आहे तर सार्वजनिक आरोग्याच्या व्यवस्थेकडे वळायला हवं, कारण माझ्या मते सर्वात मोठी आणि सर्वात कमी बोलली जाणारी उणीव तिथे आहे. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्यानं १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यात त्यानं सांगितलं, प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या काळापासून रुग्णाला जे प्रश्न विचारतात, त्यांत आणखी एकाची भर घाला: तू काम काय करतोस? तीनशेहून अधिक वर्षं झाली. कंबरदुखी हे जगभरात माणसाला अपंगत्वासह जगायला लावणारं सर्वात मोठं कारण मानलं जातं. तरीही कंबर धरून आलेल्या माणसाला किती दवाखान्यांत विचारलं जातं की दिवसभर तू काय उचलतोस, कसा बसतोस, तुझी पाळी किती तासांची, आणि मालकाला चिठ्ठी लिहून दिली तर काम थोडं बदलून मिळेल का? बहुतेकदा गोळ्या मिळतात, विश्रांतीचा सल्ला मिळतो. लांबलेल्या विश्रांतीत काम सुटतं, काम सुटलं की दुखणं वाढतं. शरीर बरं करण्याचं शिक्षण मिळालेल्या डॉक्टरला माणूस कामावर परत कसा जाईल हे कुणी शिकवलेलंच नसतं. मग तोच डॉक्टर अपंगत्वाची टक्केवारी लिहून देतो. चाळीस टक्के अपंग म्हणजे कुठलं काम येतं आणि कुठलं येत नाही? त्या आकड्यातून काहीच कळत नाही, पण माणसाचं पुढचं आयुष्य त्यावर ठरतं.

उपचारातलं कौशल्य बदललं तर काय होतं, हे डॉक्टर लुडविग गुटमन यांनी इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात १९४४ पासून दाखवलं. पाठीचा कणा दुखावलेली माणसं तोवर बहुधा थोड्याच वर्षांत मरत, आणि मरत ती अंथरुणातल्या जखमांनी आणि मूत्रमार्गाच्या संसर्गानं. गुटमन यांनी दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलायची शिस्त लावली. मूत्राशयाची काळजी काटेकोर केली. रुग्णालयातच सुतारकाम, घड्याळदुरुस्ती असे उद्योग सुरू केले, कारण घरी परतलेला रुग्ण कर भरणारा नागरिक व्हावा असा त्यांचा आग्रह होता. १९४८ मध्ये त्याच आवारात सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली आणि तिच्यातून पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं. खेळांची आठवण सगळ्यांना आहे. कूस बदलणाऱ्या परिचारिकांची नाही. जे आधी ‘मरणारच’ म्हणून सोडून दिले जात होते, ते जगले याचं मोठं श्रेय त्या हातांच्या कौशल्याला आहे.

यावर मालकांच्या बाजूनं येणारा आक्षेप गंभीर आहे. हे सगळं शिकण्याचा आणि बदलण्याचा खर्च छोट्या मालकानं कुठून करायचा? शिवाय जबाबदारी लादली तर तो अपंग माणसाला घ्यायलाच घाबरेल. नेदरलँड्सचा अनुभव इथे दोन्ही अंगांनी पाहावा. नव्वदच्या दशकात दीड कोटीच्या त्या देशात अपंगत्व भत्त्यावर असलेल्यांची संख्या दहा लाखांच्या जवळ गेली होती. २००२ मध्ये कायदा झाला: माणूस आजारपणामुळे कामावर येईनासा झाला की सहाव्या आठवड्यापर्यंत कंपनीच्या डॉक्टरनं अडचण काय आहे याची मांडणी करायची, आणि आठव्या आठवड्यापर्यंत मालक आणि कामगार यांनी मिळून परतीचा आराखडा लिहायचा. पुढे आजारपणातला पगार दोन वर्षं मालकानं द्यायचा असंही ठरलं. नव्यानं भत्त्यावर येणाऱ्यांची संख्या मोठ्या प्रमाणात घटली. त्यात नंतर कडक केलेल्या निकषांचाही हात होता, आणि ज्यांचा पक्का मालकच नाही अशा हंगामी कामगारांना या रचनेचा आधार तोकडा पडला. नवा माणूस घेताना मालक हात आखडता घेतात ही तक्रारही खोटी नाही. म्हणूनच खर्च एका मालकाच्या गळ्यात न घालता जर्मनीसारखा सामाईक निधीतून व्हावा, असं मला वाटतं. पण आठ आठवड्यांत डॉक्टर, मालक आणि कामगार यांनी एकत्र विचार करायचा, ही सक्ती सोडून देण्याचं कारण त्या अडचणींत मला कुठेच सापडत नाही. सक्ती आली म्हणूनच कंपन्या आणि त्यांचे डॉक्टर कामाकडे नीट पाहायला शिकले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगात सुमारे २४० कोटी लोकांना पुनर्वसन सेवांचा उपयोग होऊ शकेल अशी स्थिती आहे, आणि काही देशांत दर दहा लाख माणसांमागे दहासुद्धा प्रशिक्षित पुनर्वसन कर्मचारी नाहीत. १९७८ मध्ये अल्मा-अता इथल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेच्या जाहीरनाम्यात प्राथमिक आरोग्यसेवेत प्रतिबंध आणि उपचारांबरोबर पुनर्वसनही होतं. ते कागदावरच राहिलं. एवढे तज्ज्ञ येणार कुठून, असा प्रश्न येईल. सगळ्यांना तज्ज्ञ व्हायची गरज नाही. मेक्सिकोतल्या अहोया गावात अपंग तरुणांनीच व्हीलचेअर आणि कृत्रिम अवयव बनवायला शिकून पुनर्वसन केंद्र चालवलं. ज्यांना शिकवायचं ते आणि शिकवणारे वेगळे नव्हते.

आणि शिकवणं जमलं की नाही हे कसं ओळखायचं, यालाही सार्वजनिक आरोग्यानंच एकदा चोख उत्तर दिलेलं आहे. बांगलादेशात १९८० ते १९९० या काळात ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर जाऊन आयांना जुलाबावरचं मीठ-गुळाचं पाणी करायला शिकवत होत्या. एक कोटीहून अधिक घरांपर्यंत त्या पोचल्या. त्यांचा मोबदला किती घरी गेलात यावर ठरत नसे. काही आठवड्यांनी दुसरा माणूस थोड्या घरी जाऊन विचारी, आणि आईला जितकं नीट आठवत असे, त्यावर शिकवणारीचे पैसे ठरत. आई विसरली तर तिला अडाणी ठरवलं जात नव्हतं. शिकवण्याच्या पद्धतीत बदल होत होता. अपंगांच्या प्रशिक्षणाला हाच नियम लावून पाहावा. किती दाखले वाटले हे विचारणं थांबवून, वर्षभरानंतर किती जण पगारी कामावर टिकून आहेत, हे पाहून संस्थांना पैसे द्यावेत. सोपी माणसंच निवडण्याचा मोह संस्थांना होईल, तेव्हा ज्यांना काम मिळणं जास्त अवघड त्यांच्यासाठी रक्कमही जास्त ठेवावी. आणि जो टिकला नाही, त्याच्या कामाच्या जागी जाऊन काय अडलं याची चौकशी व्हावी: मालकाशी बोलून, डॉक्टरशी बोलून, शेजारच्या सहकाऱ्याशी बोलून. ही चौकशी करणारे स्वतः अपंगत्वासह नोकरी केलेले लोक असावेत, कारण काय विचारायचं हे त्यांना माहीत असतं.